कंट्रोलर एकच, भाषा चार: एफआरसीचं प्रकरण

'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' या अमेरिकेत सुरू झालेल्या शालेय स्पर्धेत, म्हणजे एफआरसीत, २०२७ च्या हंगामापासून रोबोचा मुख्य कंट्रोलर बदलतो आहे. २०१५ पासून वापरात असलेला 'रोबोरिओ' जाणार आणि लाइमलाइट कंपनीचा 'सिस्टमकोअर' येणार. त्याबरोबर लॅबव्ह्यू ही चित्रं जोडून लिहायची भाषाही स्पर्धेतून बाहेर पडते आहे. जावा, सी प्लस प्लस आणि पायथन तेवढ्या राहतील. लॅबव्ह्यू २००९ मध्ये इथे आली तेव्हा तिचं स्थान भक्कम होतं, कारण जी कंपनी कंट्रोलर पुरवत होती तिचीच ती भाषा. अठरा हंगामांनंतर तिच्यासाठी अडून बसणारे संघ फार थोडे उरले.

विद्यार्थ्यांच्या कुठल्याही रोबोटिक्स संघात भाषेवरून वाद पेटला की पहिला मुद्दा वेगाचा निघतो. सी प्लस प्लस वेगवान, जावा बरी, पायथन संथ, लॅबव्ह्यू म्हणजे नुसती चित्रं जोडणं. एफआरसीच्या प्रकरणात मात्र वेगाने फारसं काही ठरवलं नाही. ठरवलं ते दोन गोष्टींनी: हार्डवेअरने कुठलं काम आपल्याकडे घेतलं, आणि नववीत संघात आलेल्या मुलाला कुठली भाषा आधीच थोडीफार येत होती.

आधी पर्यायच नव्हता

डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात पहिली स्पर्धा झाली. आता तीन हजारांहून जास्त संघ उतरतात, मुलं नववी ते बारावीची. जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत पन्नासेक किलोचा रोबो उभा करायचा असतो. सामना साधारण अडीच मिनिटांचा. सुरुवातीचे काही सेकंद रोबो फक्त कोडवर चालतो, मग मुलं जॉयस्टिक हातात घेतात.

नियमपुस्तक जाडजूड आहे, पण आपल्या कामाचा नियम एकच. मोटरला आज्ञा जायची ती नेमून दिलेल्या कंट्रोलरकडूनच. शेजारी रास्पबेरी पाय किंवा जेटसनसारखा छोटा संगणक लावा, कॅमेऱ्याचं काम त्यांच्यावर टाका, हरकत नाही. मोटरचा लगाम मात्र एकाच्या हाती. कारण सुरक्षिततेचं आहे. मैदानावरच्या यंत्रणेने 'थांब' म्हटलं की सामन्यातले सहाही रोबो थांबलेच पाहिजेत, आणि ही गोष्ट कुणा पंधरा वर्षांच्या मुलाच्या कोडवर सोडता येत नाही.

२००४ पूर्वी हा कंट्रोलर 'इनोव्हेशन फर्स्ट' कंपनीचा होता आणि त्यात बेसिक स्टॅम्प जातीची चिप होती. व्हेरिएबल ठेवायला २६ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. भाषा पीबेसिक. २००४ मध्ये त्याच कंपनीने पिक मायक्रोकंट्रोलर आणला आणि भाषा सी झाली. या दोन्ही वेळा भाषेची निवड कुणी केलीच नाही. चिपसाठी जो कंपायलर मिळेल त्यात लिहायचं, एवढंच.

२००९ मध्ये लॅबव्ह्यू बनवणाऱ्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा 'कॉम्पॅक्टरिओ' आला. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत मोजमापासाठी वापरतात तो, धातूच्या पेटीतला, खाचांमध्ये मॉड्यूल बसवायचा. आत पॉवरपीसी प्रोसेसर, व्हीएक्सवर्क्स ऑपरेटिंग सिस्टिम आणि शेजारी एक एफपीजीए, म्हणजे नेमून दिलेलं काम थेट हार्डवेअरमध्ये करणारी चिप. शाळकरी मुलांच्या रोबोसाठी हे जरा जास्तच झालं अशी कुरकूर तेव्हा झाली, आणि वजन नि आकार पाहता ती चुकीची नव्हती. पण इथे पहिल्यांदा पर्याय मिळाला: लॅबव्ह्यू किंवा सी प्लस प्लस. २०१० मध्ये जावाची भर पडली.

ती जावा लंगडी होती. सन कंपनीने छोट्या उपकरणांसाठी केलेल्या 'स्क्वॉक' नावाच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ती चालायची आणि तिच्यात जेनेरिक्ससारखी नेहमीची सोयसुद्धा नव्हती. तरीही संघ तिच्याकडे वळायला लागले. याचं कारण रोबोत शोधून सापडणार नाही, ते परीक्षेत आहे. अमेरिकन शाळांमधली 'एपी कॉम्प्युटर सायन्स' ही परीक्षा २००३-०४ या शैक्षणिक वर्षापासून सी प्लस प्लस सोडून जावात घेतली जाऊ लागली. म्हणजे दिवसा वर्गात जावा शिकवणाऱ्या शिक्षकालाच संध्याकाळी वर्कशॉपमध्ये प्रोग्रॅमिंगचा मेंटॉर म्हणून धरून आणता येत होतं. ज्या संघात इंजिनिअर पालक होते त्यांनी आपापल्या कंपनीतली भाषा आणली; ज्या संघात फक्त शाळेतले सर किंवा मॅडम होत्या तिथे जावा आली. दुसऱ्या प्रकारचे संघ पुष्कळ होते.

२०१५ मध्ये रोबोरिओ आला: ६६७ मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा आर्म प्रोसेसर, वर लिनक्स, त्याच चिपमध्ये एफपीजीए आणि २५६ मेगाबाइट मेमरी. आता पूर्ण जावा ८ चालू लागली. सी प्लस प्लस आणि जावा यांच्यासाठीची 'डब्ल्यूपीआयलिब' ही लायब्ररी दोन्हींत जवळपास सारख्याच नावांची फंक्शन देत होती, त्यामुळे एका भाषेतलं उदाहरण दुसरीत उतरवणं अवघड राहिलं नाही.

पल्स मोजायचे कोणी?

वेगाचा मुद्दा मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. तो का, हे नीट सांगायला हवं, कारण प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. त्यासाठी आपल्याकडची रोबोकॉन शेजारी ठेवून पाहू.

रोबोकॉन ही इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा. आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला दोनदा झाली, २००८ आणि २०१४ मध्ये. २००८ चा खेळ तर दहीहंडीवर बेतलेला होता आणि त्याच्या नावातच 'गोविंदा' होता. इथलं नियमपुस्तक रोबोची मापं सांगतं, वजन सांगतं, व्होल्टेजची मर्यादा सांगतं. कंट्रोलर कुठला हवा याबद्दल त्याचं काही म्हणणं नसतं. मग संघ पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातो, किंवा ऑनलाइन मागवतो, आणि बहुतेकदा पहिल्या वर्षी येतो तो आर्डुइनो मेगा. स्वस्त, सीनियरना माहीत असलेला आणि पिनांची चंगळ.

आता चार चाकांचा रोबो घ्या. प्रत्येक चाकाच्या शाफ्टवर ६०० पल्सचा एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते पल्सनी सांगणारा सेन्सर, आहे. त्याच्या दोन्ही तारांवरचे चढ-उतार मोजले तर एका फेऱ्यात २४०० मोजण्या होतात. चाक मिनिटाला ५०० फेरे फिरत असेल तर सेकंदाला २०,०००, आणि चार चाकांच्या मिळून ८०,०००. मेगाचा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा. भागाकार केला तर एका मोजणीच्या वाट्याला २०० क्लॉक सायकल येतात. आर्डुइनोच्या तयार फंक्शनांनी इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला दिलेली हाक) पकडायचा, आत दुसरी पिन वाचायची आणि बाहेर यायचं, एवढ्यातच या दोनशेतला मोठा हिस्सा उडतो. जायरो (रोबो किती वळला ते सांगणारा सेन्सर) वाचणं, रिमोटचा डेटा घेणं, पीआयडीचं (चूक मोजून मोटरची ताकद कमीजास्त करण्याचं) गणित हे सगळं उरलेल्या तुकड्यात.

त्यात पिनांची अडचण वेगळी. चार एन्कोडरच्या आठ तारा, आणि मेगावर या पद्धतीच्या इंटरप्टच्या पिना सहा. त्या सहातल्या २० आणि २१ क्रमांकाच्या पिना आयटूसी या सेन्सर जोडायच्या पद्धतीच्याही आहेत, म्हणजे जायरो तिथेच बसायला टपलेला. मग संघ काय करतो? प्रत्येक एन्कोडरची एकच तार इंटरप्टला लावतो, तिचीही एकच कड मोजतो, आणि २४०० ऐवजी ६०० वर भागवतो. तरी वेगात पल्स सुटतात. सरळ जायला सांगितलेला रोबो हळूहळू तिरका जातो आणि दोष पीआयडीच्या आकड्यांवर येतो. त्या आकड्यांशी खेळत रात्री जागणारी मुलं या राज्यात कमी नसतील.

एसटीएम३२ या चिपवर गेलं की हा प्रश्न एका फटक्यात मिटतो. तिच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड आहे. मोजणी हार्डवेअर करतं, कोडने फक्त रजिस्टर वाचायचं. १६८ मेगाहर्ट्झचा घड्याळवेग ही दुय्यम गोष्ट. खरा फायदा हा की मोजणीचं काम प्रोसेसरच्या गळ्यातून उतरलं.

एफआरसीत हे काम २००९ पासूनच एफपीजीएकडे आहे. संघाने कुठल्याही भाषेत लिहिलं तरी एन्कोडर मोजणारा तोच. पुढे २०१५ च्या सुमारास कॅन बसवर, म्हणजे अनेक उपकरणांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, बोलणारे हुशार मोटर कंट्रोलर रुळले. त्यांच्यात पीआयडीचा लूप आतच, सेकंदाला हजार वेळा फिरतो. मुलांच्या कोडने 'हाताची उंची अमुक ठेव' इतकंच सांगायचं. त्यामुळे मुख्य कोडचा लूप २० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. सेकंदाला ५० निर्णय घ्यायला जावा पुरते आणि पायथनही पुरते. सी प्लस प्लस यात कितीही पुढे असली तरी तो वेग वापरायला जागा उरत नाही.

थोडक्यात, एफआरसीत हार्डवेअर बांधून दिलं म्हणून भाषा मोकळी झाली. रोबोकॉनमध्ये हार्डवेअर मोकळं आहे म्हणून भाषा बांधली गेली. एसटीएम३२ निवडली की कंपनीची लायब्ररी सी मध्ये, आर्डुइनो निवडला की सी प्लस प्लसची बाळबोध आवृत्ती. मायक्रोपायथन आहे, पण मोटर ड्रायव्हरपासून एन्कोडरपर्यंतची सगळी लायब्ररी तिच्यात लिहून ती पुढच्या बॅचला देणारा कोणी सहसा नसतो. पायथन रोबोकॉनमध्ये शिरते ती कॅमेऱ्याच्या आणि रॉस या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरच्या दारातून, आणि बहुतेकदा वेगळ्या बोर्डावरच थांबते.

लॅबव्ह्यूचं काय चुकलं

माझ्या मते भाषा म्हणून तिचं फारसं काही चुकलं नाही. तारेवर प्रोब ठेवून चालू रोबोतली किंमत तिथल्या तिथे बघता येते, ही सोय इतर भाषांतल्या मुलांना कितीतरी वर्षांनी आणि वेगळी साधनं जोडून मिळाली. एकाच वेळी दोन लूप चालवायचे तर लॅबव्ह्यूत ते शेजारी शेजारी काढायचे. जावात थ्रेड म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. ज्या मुलाने आयुष्यात अर्धविरामसुद्धा टाइप केलेला नाही तो पहिल्याच दिवशी मोटर फिरवू शकतो.

तिला नडली ती फाइल. लॅबव्ह्यूचा प्रोग्रॅम बायनरी स्वरूपात साठतो. दोन मुलांनी एकाच प्रोग्रॅममध्ये दोन बदल केले तर गिट या कोडचे बदल सांभाळणाऱ्या साधनात ते नेहमीच्या पद्धतीने एकत्र करता येत नाहीत, आणि काल काय बदललं हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी दिसत नाही. गिटहबवर संघ आपापला कोड उघडा ठेवायला लागले तेव्हा हा तोटा मोठा झाला. जावाचा कोड कोणीही ब्राउझरमध्ये वाचतो, त्यातली दहा ओळींची युक्ती उचलतो, आपल्या रोबोत लावून बघतो. लॅबव्ह्यूचा कोड बघायलाच आधी लॅबव्ह्यू लागते, आणि तिचं एफआरसीचं इन्स्टॉलेशन अवाढव्य आणि विंडोजपुरतं. जावा वापरणारे वाढले म्हणून जावातली साधनं वाढली, साधनं वाढली म्हणून आणखी संघ आले. मॅसॅच्युसेट्समधल्या ६३२८ क्रमांकाच्या संघाने केलेलं 'अ‍ॅडव्हांटेजकिट' बघा: सामन्यात सेन्सरकडून आलेलं सगळं नोंदवायचं आणि नंतर लॅपटॉपवर तोच सामना कोडला पुन्हा खेळायला लावायचा. विलक्षण उपयोगी गोष्ट, आणि ती जावासाठी.

दुसरं नुकसान खालच्या पायरीवर झालं. लेगोच्या एनएक्सटी आणि ईव्ही३ या संचांचं मूळ सॉफ्टवेअर लॅबव्ह्यूवर उभं होतं. लहानपणी ते वापरलेल्या मुलाला एफआरसीतली लॅबव्ह्यू ओळखीची वाटायची. 'फर्स्ट'च्याच एफटीसी या मधल्या स्पर्धेतही आधी एनएक्सटीच असे आणि लॅबव्ह्यू चाले. २०१५-१६ च्या हंगामात एफटीसीने एनएक्सटी काढून अँड्रॉइड फोन आणले आणि जावा आली. पुढे लेगोनेही नव्या संचांत स्क्रॅचसारखे ठोकळे आणि पायथन घेतलं. वरच्या वर्गात लॅबव्ह्यू शिल्लक होती, पण ती शिकून येणारं मूल खालच्या वर्गांतून येईनासं झालं.

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनी २०२३ मध्ये एमर्सनने विकत घेतली. त्याचा लॅबव्ह्यूच्या जाण्याशी संबंध जोडायचा मोह होतो. मला तो जोडायची गरज वाटत नाही. वरची दोन कारणं पुरेशी आहेत.

सी प्लस प्लसबद्दल थोडंच. ती टिकली ती मेंटॉरच्या जोरावर. कॅलिफोर्नियातला ९७१ क्रमांकाचा संघ स्वतःची सगळी यंत्रणा सी प्लस प्लसमध्ये लिहितो आणि कंट्रोल थिअरीचं जे काम करतो ते कॉलेजच्या पातळीचं आहे, पण त्यामागे सिलिकॉन व्हॅलीतले इंजिनिअर उभे असतात. साध्या संघाला फरक जाणवतो तो चूक झाल्यावर. जावातला कोड कोसळला की ड्रायव्हर स्टेशनवर, म्हणजे रोबो चालवायच्या लॅपटॉपवर, ओळ क्रमांकासकट निरोप येतो. सी प्लस प्लसमध्ये चुकीचा पॉइंटर गेला की कोड गुपचूप मरतो आणि पुन्हा सुरू होतो. पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या जागेत, पुढच्या सामन्याला दहा मिनिटं असताना हा फरक फार मोठा असतो.

जावाचं खरं दुखणं मेमरी

जावाला रोबोरिओवर त्रास झालाच नाही असं नाही. त्रास मेमरीचा होता. २५६ मेगाबाइटमध्ये लिनक्स, व्हर्च्युअल मशीन, संघाचा कोड आणि मोटर कंट्रोलर कंपन्यांच्या लायब्ररी. वर मार्ग आखणारी लायब्ररी आणि लॉगिंग चढवलं की वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच हात घालतो आणि २० मिलिसेकंदांचा लूप चुकल्याची सूचना स्क्रीनवर यायला लागते. जॉयस्टिकवर चालवताना ते कळतही नाही. सुरुवातीच्या स्वयंचलित सेकंदांत कळतं.

त्याहून गमतीचा प्रकार पहिल्या वेळेचा. जावा एखादा क्लास पहिल्यांदा लागतो तेव्हा लोड करते आणि पहिल्या काही वेळा संथ चालवते. त्यामुळे सामना सुरू झाल्यावर रोबो पहिल्यांदाच आखलेल्या मार्गावर निघाला की क्षणभर अडखळतो. सरावात दुसऱ्या वेळी तोच कोड लोण्यासारखा चालतो. 'पाथप्लॅनर' या लायब्ररीत यासाठी खास वॉर्मअप कमांड आहे: रोबो उभा असतानाच मार्गाचं गणित खोटं खोटं एकदा करून घ्यायचं. २०२२ च्या सुमारास आलेल्या रोबोरिओ २ मध्ये मेमरी ५१२ मेगाबाइट झाली आणि तक्रारी कमी झाल्या. भाषा बदलून नव्हे, चिप बदलून.

पायथन, आणि आपल्याकडची तीन बोर्डं

पायथन एफआरसीत अधिकृत झाली ती २०२४ मध्ये. त्याआधी अनेक वर्षं 'रोबोटपाय' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प ती चालवत होता. कोणत्याही संघाने पायथन वापरावी, मदत मात्र आपली आपण शोधावी, अशी ती अवस्था. लूपचं जड काम हार्डवेअरकडे आणि लायब्ररीच्या आतल्या सी प्लस प्लसकडे असल्यामुळे वेगाचा आक्षेप टिकला नाही.

मुंबईतून एफआरसीत गेलेल्या मुलांना हा प्रश्न थोडा वेगळा पडतो. आयसीएसई-आयएससीच्या मुलाने शाळेत जावा केलेली असते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्सला पायथन आहे. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीत त्याच नावाच्या विषयाला सी प्लस प्लस आणि चक्क ८०८५ मायक्रोप्रोसेसर अशी परंपरा. ८०८५ ला नावं ठेवायची पद्धत आहे, पण इंटरप्ट म्हणजे काय हे ज्याने कागदावर का होईना शिकलं आहे त्याला मेगावरचे पल्स का सुटतात हे पटकन कळतं. अमेरिकेत एका परीक्षेने जावाकडे ढकललं. इथे तीन बोर्डं तीन दिशांना ओढतात, आणि एकाच शाळेतून संघ आला तर त्या शाळेचं बोर्डच त्याची भाषा ठरवून टाकतं. एकत्र जमलेल्या संघात वाद होतो. तिथे मी पायथनकडे झुकेन असं नाही. ज्या भाषेत वाचायला तयार कोड सर्वांत जास्त आहे ती जावा आहे, आणि मेंटॉर मैलोन्‌मैल दूर असताना वाचता येणारा कोड हाच मेंटॉर.

सिस्टमकोअर आल्यावर

सिस्टमकोअर रास्पबेरी पायच्या कंप्यूट मॉड्यूल ५ वर उभा आहे. मेमरीचं दुखणं त्याने संपेल. पण त्याचा मोठा परिणाम वेगळा असेल: साध्या पोर्टांची संख्या घटते आणि कॅनच्या बस वाढतात. एन्कोडरची तार सरळ कंट्रोलरमध्ये खोचायची जुनी पद्धत मागे पडेल. मोजणी मोटर कंट्रोलरमध्ये किंवा कॅनवरच्या सेन्सरमध्ये होईल. पल्स मोजण्याचं काम आणखी एक पायरी बाहेर सरकलं. भाषांना ही गोष्ट अनुकूल आहे, खिशाला नाही. पीडब्ल्यूएम या साध्या सिग्नलवर चालणारे जुने मोटर कंट्रोलर आणि साधे एन्कोडर जपून वापरणाऱ्या संघाला कॅनची उपकरणं घ्यावी लागतील, आणि ती स्वस्त नाहीत. लॅबव्ह्यू सोडावी लागणाऱ्या संघांची चर्चा खूप झाली. या संघांची तेवढी झालेली दिसत नाही.

हाच कंट्रोलर पुढे एफटीसीतही येणार आहे. तिथे मुंबई-पुण्यातली मुलंही उतरतात, कारण रोबो लहान, खर्च आटोक्यात आणि विमानात नेता येतो. एफटीसीत आज ठोकळे जोडून सुरुवात करता येते आणि त्या ठोकळ्यांमागे जावा असते. सातवी-आठवीत ठोकळे, मग त्याच कंट्रोलरवर जावा किंवा पायथन, आणि मोठ्या स्पर्धेत पुन्हा तोच कंट्रोलर: लेगोपासून एफआरसीपर्यंतचा जो जिना लॅबव्ह्यूच्या हातून निसटला, तो आता या दोन भाषांना मिळतो आहे. सी प्लस प्लसला त्या जिन्यावर खालची पायरी नाही, आणि २०२७ नंतर तिच्याकडे लक्ष ठेवावं ते यासाठी.